उत्तर बरोबर, पण कारण?

पुण्यातील सदाशिव पेठ, नारायण पेठ या भागांतील अभ्यासिकांत बसणाऱ्या उमेदवारांना तर्कक्षमतेच्या प्रश्नांविषयी परस्परविरुद्ध असे दोन उपदेश ऐकावयास मिळतात. पहिला असा की, मनात प्रथम उमटलेले उत्तर सहसा बरोबर असते. अधिक विचार केला की माणूस चुकतो. दुसरा असा की, दिलेली विधाने कागदावर मांडून निष्कर्ष पायरीपायरीने काढल्यावाचून पर्यायाला हात लावू नये. पहिला उपदेश आकर्षक आहे. तो वेळ वाचवितो आणि स्वतःच्या बुद्धीविषयी माणसाला बरे वाटावयास लावतो. दुसरा कंटाळवाणा आहे. या दोहोंतील निवड ही वरकरणी अभ्यासतंत्राची किरकोळ बाब वाटेल. परंतु ज्या परीक्षांत शेकड्यांनी वा फार तर हजारांनी मोजावयाच्या जागांसाठी लाखांनी मोजावयाचे उमेदवार बसतात आणि एकेका प्रयत्नामागे घरच्या मिळकतीतून वर्षभराच्या खोलीभाड्याची, खानावळीची व क्लासच्या शुल्काची तरतूद करावी लागते, तेथे ती किरकोळ राहत नाही.

केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ मध्ये पूर्वपरीक्षेतील वैकल्पिक विषयाची प्रश्नपत्रिका रद्द करून तिच्या जागी 'सीसॅट' या नावाने रूढ झालेली प्रश्नपत्रिका आणली. ऐंशी प्रश्न, दोनशे गुण आणि दोन तास असे तिचे स्वरूप आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही पुढे तोच मार्ग धरला. ही प्रश्नपत्रिका इंग्रजी माध्यमाच्या आणि अभियांत्रिकी शाखेच्या विद्यार्थ्यांना झुकते माप देते, अशी तक्रार करीत २०१४ मध्ये दिल्लीत उमेदवार रस्त्यावर उतरले. त्यानंतर २०१५ पासून केंद्रीय परीक्षेत ती केवळ पात्रतेपुरती ठेवण्यात आली. तेहतीस टक्के, म्हणजे सहासष्ट गुण मिळविणे एवढेच आवश्यक उरले. वाद मिटला असे तेव्हा अनेकांना वाटले. तो मिटला नव्हता. २०२३ ची प्रश्नपत्रिका इतकी कठीण निघाली की पात्रतेची मर्यादा खाली आणावी, अशी दाद मागण्यापर्यंत उमेदवार गेले.

सहासष्ट गुणांचे गणित पाहण्याजोगे आहे. प्रत्येक प्रश्नास अडीच गुण. चुकीच्या उत्तरास त्याचा एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ०.८३ गुण वजा. बत्तीस उत्तरे बरोबर व सोळा चूक असतील तर उमेदवार सहासष्टांच्या किंचित वर राहतो. तीच बत्तीस बरोबर ठेवून चुकीची उत्तरे सोळाऐवजी अठरा झाली, की तो पासष्टांवर येऊन बाद होतो. मग सामान्य अध्ययनाच्या प्रश्नपत्रिकेत त्याने कितीही गुण मिळविलेले असोत. 'वाटले म्हणून' लिहिलेल्या दोन उत्तरांची किंमत कधी कधी एक संपूर्ण वर्ष असते, ती अशी.

आता पुढील अनुमान पाहावे. सर्व कारकून पगारदार आहेत. काही पगारदार कर्जबाजारी आहेत. म्हणून काही कारकून कर्जबाजारी आहेत. हा निष्कर्ष दिलेल्या विधानांवरून निघतो काय? महिनाअखेरीचा अनुभव असलेला कोणताही वाचक चटकन 'होय' म्हणेल आणि वस्तुस्थिती म्हणून त्याचे म्हणणे खरेही असेल. परंतु प्रश्न वस्तुस्थितीचा नसून निष्पत्तीचा आहे. तोच सांगाडा कायम ठेवून शब्द बदलावेत: सर्व आंबे फळे आहेत, काही फळे केळी आहेत, म्हणून काही आंबे केळी आहेत. येथे हसू येते व दोष तत्काळ दिसतो. दोन्ही अनुमानांची रचना तंतोतंत एकच आहे. फरक एवढाच की पहिल्यात निष्कर्ष पटणारा होता आणि दुसऱ्यात तो हास्यास्पद आहे. मनाने पहिल्या वेळी तर्क केलाच नव्हता. निष्कर्ष आपल्या अनुभवाशी जुळतो की नाही, एवढे पाहून त्याने मान डोलावली होती.

ही मनाची खोड मोजलीही गेली आहे. जोनाथन इव्हान्स व त्यांचे सहकारी यांनी ब्रिटनमध्ये केलेल्या आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सदोष परंतु पटणारे निष्कर्ष सुमारे एकाहत्तर टक्के वेळा स्वीकारले गेले. तेवढेच सदोष परंतु न पटणारे निष्कर्ष मात्र जेमतेम दहा टक्के. उलट बाजूस, तर्कशुद्ध असूनही न पटणारे निष्कर्ष छप्पन टक्के वेळाच मान्य झाले. या प्रयोगांत भाग घेणारे लोक निर्बुद्ध नव्हते, विद्यापीठातील विद्यार्थी होते. विधाने खरी मानूनच निष्कर्ष तपासावा, अशी स्पष्ट सूचना त्यांना दिलेली होती, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

बहुपर्यायी प्रश्न तयार करणाऱ्याला ही खोड ठाऊक असते. चार पर्यायांपैकी एक बरोबर असतो. उरलेल्या तिहींपैकी निदान एक असा बेतलेला असतो की अशिक्षित अंतःप्रेरणेने त्याच्याकडेच धाव घ्यावी. उताऱ्यावरील प्रश्नात तो पर्याय व्यवहारात खरा असतो, पण उताऱ्यात सांगितलेला नसतो. गृहीतकावरील प्रश्नात तो विधानाचा परिणाम असतो, गृहीतक नसते. म्हणजे मनात प्रथम उमटणारे उत्तर कोणते असेल, हे परीक्षकाने आधीच हेरून त्या जागी सापळा लावलेला असतो. अशा परीक्षेत 'पहिले वाटलेले उत्तर' हा गुरूमंत्र मानणे म्हणजे प्रतिपक्षाने आखून दिलेल्या वाटेनेच चालणे होय.

तरीही हा मंत्र टिकून आहे, याला कारण आहे. उत्तर बदलून चूक झाली की ती मनाला लागून राहते. बदलून बरोबर आले तर कोणी लक्षात ठेवीत नाही. जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील १,५६१ उत्तरपत्रिकांवरील खोडाखोड तपासली. चुकीवरून बरोबरकडे गेलेले बदल एक्कावन्न टक्के निघाले. बरोबरवरून चुकीकडे गेलेले पंचवीस. उरलेले एका चुकीवरून दुसऱ्या चुकीकडे. आणि तरीही विद्यार्थ्यांची समजूत मात्र पहिलेच उत्तर ठेवलेले बरे, अशीच होती. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. उत्तरपत्रिकेतील वर्तुळ शाईच्या पेनाने काळे करावयाचे असल्याने ते एकदा भरले की मागे फिरता येत नाही. सबब पुनर्विचार करावयाचा तो वर्तुळ भरण्यापूर्वी. आणि त्यासाठी तो करण्याची सवय सरावातच लागलेली असावी लागते.

परंतु दुसऱ्या उपदेशाच्या कैवाऱ्यांनीही फार खूश होण्याचे कारण नाही. दोन तासांत ऐंशी प्रश्न म्हणजे एका प्रश्नास दीड मिनिट. त्यातच लांबलचक उतारे वाचावयाचे. परीक्षागृहात प्रत्येक विधानाची आकृती काढीत बसणारा उमेदवार अर्ध्या प्रश्नांपर्यंतही पोचणार नाही. जे या परीक्षांत खरोखर यशस्वी होतात ते पुष्कळसे प्रश्न पाहताक्षणी ओळखतात, हे निरीक्षण खोटे नाही. प्रश्न एवढाच की ते नेमके काय ओळखतात, आणि ही ओळख त्यांना कोठून लाभली.

याचे उत्तर १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या हर्बर्ट सायमन यांच्या संशोधनात सापडते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते 'मर्यादित विवेकशीलते'च्या कल्पनेमुळे परिचित आहेत. परंतु बुद्धिबळपटूंवरील त्यांचे काम येथे अधिक उपयोगी आहे. सायमन आणि विल्यम चेस यांनी १९७३ मध्ये दाखविले की, प्रत्यक्ष डावातील पटावरची मांडणी पाच सेकंद दाखवून झाकली तर निष्णात खेळाडू ती बऱ्याच अंशी जशीच्या तशी पुन्हा मांडतो, नवशिक्याला मात्र थोडीच मोहरी आठवतात. पण मोहरी पटावर वाटेल तशी विखरून ठेवली की निष्णाताची ही किमया जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अलौकिक नसते. त्याच्या मनात साठलेले असतात ते आकृतिबंध, आणि तेही हजारो डावांच्या अभ्यासातून. सायमन यांच्या मते अंतःप्रेरणा म्हणजे ओळख. त्याहून गूढ असे तिच्यात काही नाही.

ही ओळख कोठे विश्वसनीय ठरते याविषयी डॅनियल कानेमन व गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये एकत्र निबंध लिहिला. कानेमन अंतःप्रेरणेकडे संशयाने पाहणारे. क्लाइन अग्निशामक दलातील अधिकाऱ्यांच्या अचूक अंदाजांचे अभ्यासक. मतभेद शोधावयास बसलेले हे दोघे बऱ्याच अंशी एकमताने उठले. ज्या क्षेत्रात घडामोडींना नियमितपणा असतो आणि आपला अंदाज बरोबर की चूक हे लवकर व स्पष्ट कळते, तेथेच दीर्घ सरावानंतर अंतःप्रेरणा भरवशाची होते. अन्यत्र केवळ आत्मविश्वास वाढतो.

तर्कक्षमतेच्या प्रश्नांत नियमितपणा आहे. निगमनाचे, गृहीतकाचे, बैठकव्यवस्थेचे साचे मोजकेच असतात. अडते ते दुसऱ्या अटीपाशी. सराव करणारा उमेदवार उत्तरतालिका पाहतो. तेथे त्याला पर्यायाचा क्रमांक मिळतो, कारण मिळत नाही. समजा, एखाद्याने शंभर प्रश्न सोडविले. त्यांपैकी साठांची उत्तरे त्याला खरोखर समजून आली आणि चाळीस त्याने निव्वळ अंदाजाने ठोकली. चार पर्यायांत अंदाजाने चारांत एक बरोबर येते. म्हणजे चाळिसांतील दहा बरोबर निघतील. तालिका त्याला सत्तर गुण देईल. चुकलेली तीस तो पुन्हा पाहील, कदाचित सुधारीलही. परंतु ज्या दहा ठिकाणी उत्तर बरोबर आणि कारण चूक होते, त्यांच्याकडे तो फिरकणारही नाही. उलट, त्या दहा ठिकाणचा चुकीचा विचार 'बरोबर' या शिक्क्याने त्याच्या मनात पक्का होतो. असे महिनोन् महिने चालले म्हणजे जी तयार होते ती निष्णाताची नजर नव्हे. तो नशिबाने पोसलेला आत्मविश्वास असतो.

सरावात कारण लिहून काढण्याचा आग्रह धरावयाचा तो यासाठी. तालिका उघडण्यापूर्वी एका ओळीत नोंदवावे की उत्तर कोणत्या विधानावर उभे आहे आणि सर्वांत मोहक असा दुसरा पर्याय का टिकत नाही. अंदाज केला असेल तर तसे प्रामाणिकपणे लिहावे. मग तालिका उमेदवाराच्या उत्तराचीच नव्हे, त्याच्या कारणाचीही झडती घेऊ शकते. दिवसाला शंभर प्रश्नांऐवजी पंधराच होतील, हे खरे. पण सुटलेल्या प्रश्नांचा आकडा ही अभ्यासाची मोजणी नव्हे. मिशेलीन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये यामिकीची सोडविलेली उदाहरणे वाचणारे विद्यार्थी न्याहाळले, तेव्हा पुढे चांगली कामगिरी करणारे विद्यार्थी प्रत्येक पायरीचे कारण स्वतःलाच समजावून सांगत असल्याचे आढळले. इतर जण ती पायरी केवळ वाचून पुढे जात.

आपल्या परंपरेला हा भेद अपरिचित नव्हता. न्यायशास्त्राने अनुमानाचे स्वार्थ आणि परार्थ असे दोन प्रकार मानले. धूर पाहून डोंगरावर अग्नी असल्याचे स्वतःपुरते कळणे हे स्वार्थानुमान. ते क्षणात होते व त्याला शब्द लागत नाहीत. तेच दुसऱ्याला पटवून द्यावयाचे तर प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशी पाच अवयवांची मांडणी करावी लागते. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' हा विद्यार्थ्यांसाठी लिहिलेला छोटा ग्रंथ. त्यातही हा भेद आहे. शिवाय नैयायिकांनी एक चांगली चाचणी दिली. जेथे धूर तेथे अग्नी हे खरे. पण म्हणून जेथे अग्नी तेथे धूर असे म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यावयास ओले इंधन लागते. विधान उलटे करून तेही खरे मानण्याची हीच चूक आजच्या परीक्षांतील शेकडो उमेदवार करतात. स्वतःपुरते 'कळलेले' अनुमान दुसऱ्यासाठी शब्दांत मांडू लागले की ती उघडी पडते. अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्या सोबत्याला आपले कारण ऐकविणे, हा बिनपैशाचा उपाय या दृष्टीने कोणत्याही छापील संचाहून सरस ठरतो.

अर्थात, शब्दांत मांडणे हे सर्वत्र उपकारक असते असे नाही. जोनाथन स्कूलर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखविले की, ज्या कोड्यांची उकल एकाएकी सुचावी लागते, तेथे विचार मोठ्याने बोलत राहिल्यास उलट अडथळा येतो. मात्र पायरीपायरीने सुटणाऱ्या प्रश्नांत त्यांना असा अडथळा आढळला नाही. आणि लोकसेवेच्या परीक्षांतील तर्कक्षमतेचे प्रश्न बहुतांशी या दुसऱ्या जातीचे आहेत. आकृतीच्या काही कोड्यांत थोडा वेळ मुकाट्याने पाहत राहणे बरे. यापलीकडे त्या संशोधनाचा आधार 'पहिले वाटलेले उत्तर' या मंत्राला घेता येणार नाही.

क्लासच्या जाहिरातींत 'शॉर्टकट' आणि 'ट्रिक' यांना जे स्थान आहे ते पाहिले म्हणजे या प्रश्नाची दुसरी बाजू दिसू लागते. ट्रिक म्हणजे कोणीतरी एकदा केलेला पूर्ण विचार आणि त्याचा कारणावाचून उरलेला अवशेष. ज्याने तो विचार स्वतः केला आहे त्याला ती उपयोगी पडते. इतरांना प्रश्नाचे एखादे अंग बदलताच ती दगा देते. तिच्या विक्रीमागे एक समजूत दडलेली असते: काहींना 'ॲप्टिट्यूड' उपजत असते, बाकीच्यांनी क्लृप्त्यांवर भागवावे. लातूर, नांदेड, गडचिरोली या जिल्ह्यांतून कला शाखेची पदवी घेऊन पुण्यात आलेल्या मराठी माध्यमाच्या मुलाला ही समजूत आल्या आल्या चिकटविली जाते आणि दोन प्रयत्नांत अपयश आले की तो स्वतःही ती खरी मानू लागतो. वस्तुतः त्याच्या शेजारी बसलेला अभियंता ज्या वेगाने प्रश्न ओळखतो, तो वेग चार वर्षे समीकरणे आणि आकृत्या यांच्यात काढल्याचा परिणाम आहे. साठलेल्या सरावाला उपजत बुद्धी हे नाव दिले की, ज्याला तो सराव मिळालाच नाही त्याचे अपयश त्याच्या मेंदूच्या खाती जमा होते आणि शाळा-महाविद्यालये नामानिराळी राहतात. २०१४ च्या आंदोलनात भाषांतराच्या सदोषतेवर पुष्कळ बोलले गेले, ते योग्यच होते; या विषमतेवर मात्र फारसे कोणी बोलले नाही. तीन वर्षांच्या कला वा वाणिज्य पदवीत आपल्या म्हणण्याचे कारण चार ओळींत लिहून दाखविण्याचे प्रसंग किती येतात, हे प्राध्यापक मंडळींनी आपल्याच प्रश्नपत्रिका काढून पाहावे.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे ठरविले, तेव्हा २०२३ मध्ये पुण्यात मोठे आंदोलन झाले आणि हा बदल २०२५ च्या परीक्षेपर्यंत पुढे ढकलावा लागला. आंदोलकांचे म्हणणे तयारीस वेळ हवा असे होते व ते गैरवाजवी नव्हते. परंतु वर्षानुवर्षे केवळ वर्तुळे काळी करून तयार झालेल्या पिढीला कारणे लिहिण्याची धास्ती वाटावी, हेही त्या आंदोलनाने दाखविले. पूर्वपरीक्षा बहुपर्यायीच राहणार आहे. लाखो उत्तरपत्रिका तपासावयाच्या तर दुसरा मार्ग नाही. तथापि आयोगाला एक गोष्ट अल्प खर्चात करता येईल. पूर्वपरीक्षेनंतर आयोग पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करतो, उमेदवारांकडून आधारांसह हरकती मागवितो आणि तज्ज्ञांचे मत घेऊन अंतिम तालिका लावतो. उमेदवाराने कारण द्यावे अशी अपेक्षा येथे आहेच. तर्कक्षमतेच्या प्रश्नांपुरती तरी तज्ज्ञांची कारणेही अंतिम तालिकेसोबत, प्रत्येक प्रश्नास दोन-तीन ओळी, मराठीत छापली तर क्लासचे शुल्क न परवडणाऱ्या उमेदवारालाही घरबसल्या आपले कारण त्या कारणाशी ताडून पाहता येईल. ऐंशी प्रश्नांस त्यासाठी फार तर पंधरा पाने लागतील.